हुकूम आणि गुपित

मी पोहायला शिकलो काशीच्या रामघाटावर. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, रामघाट या पट्ट्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या लहानपणी त्या घरांतल्या मुलांना गंगेत उतरवण्याचे काम गल्लीतले एक काका करीत. मुलाच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरे टोक काकांनी हातात धरायचे. ते ओरडत, प्रसंगी पाठीत धपाटाही घालत. पण जे काही होई ते उघड्यावर होई. वरच्या पायरीवर कुणी संध्या करीत असे, कुणी धुणे धूत असे, नावाडी नाव बांधत असे, कुणाची तरी आजी बसलेली असे. आमचा काकांवर विश्वास होता आणि त्या विश्वासावर साऱ्या घाटाची नजर होती.

त्याच काळातली दुसरी आठवण मात्र सुखाची नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांच्या शिष्यपरंपरेने मल्लखांब काशीपर्यंत नेला, याचा आम्हा मुलांना मोठा अभिमान. शहरातल्या एका तालमीत माझ्या वर्गातला एक मुलगा आम्हा सर्वांपेक्षा सरस मल्लखांब करी. एके दिवशी तो येईनासा झाला. विचारले तर एवढेच म्हणाला, "सगळे गेल्यावर मला एकट्याला थांबवून घेतात." आम्ही हसलो. घरी सांगितले, तर मोठी माणसे म्हणाली, गुरूबद्दल असे बोलू नये. पुढे कुणी चौकशी केली नाही. मीही केली नाही.

सैनिकी शाळेच्या मासिकात हे लिहिण्याचे कारण असे की, आपण इथे मुलांना आज्ञापालन शिकवतो. ते शिकवलेच पाहिजे. उस्तादांनी 'सावधान' म्हटल्यावर का म्हणून विचारत बसणारा कॅडेट कुणाच्याच कामाचा नाही. पण अर्धाच धडा शिकवला, तर तो धोक्याचा ठरतो. 1950 च्या सेना अधिनियमातले कलम 41 वरिष्ठाचा हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगते. मात्र तिथे शब्द आहेत 'कायदेशीर हुकूम'. देशाची सेनासुद्धा जवानाकडून वाटेल त्या हुकमाचे पालन मागत नाही. मग बारा वर्षांच्या मुलाने क्लबमधल्या सरांचे वाटेल ते का ऐकावे?

मुलाला कायदा कळत नाही, हे खरे. म्हणून त्याला एक सोपी खूण द्यावी. ज्या हुकमाच्या पाठोपाठ "घरी सांगू नकोस" असे येते, तो हुकूम नव्हे. खरा प्रशिक्षक दंड-बैठका काढायला लावील, मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावील, पण त्या लपवायला सांगणार नाही.

खेळात ही जोखीम जास्त का? प्रशिक्षकाच्या हातात फार काही असते. संघात निवड, स्पर्धेची संधी, प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीची वाट. त्यात अंगाला हात लावून शिकवणे, कपडे बदलण्याची खोली, परगावचे सामने, रात्रीचा मुक्काम. सप्टेंबर 2019 मध्ये गोव्यातील एका नावाजलेल्या जलतरण प्रशिक्षकाविरुद्ध अल्पवयीन जलतरणपटूने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. चित्रफीत समाजमाध्यमांवर आल्यावर राज्य संघटनेने त्याला काढले आणि पोलिसांनी अटक केली. त्या वयाच्या मुलीला पुरावा घेऊन जगासमोर यावे लागते, तेव्हा आपण मोठे कुठे होतो, हा प्रश्न उरतोच.

कॅडेट मित्रांनो, सेनेत 'बडी' असतो, तुम्हाला ठाऊक आहे. 1990 मध्ये पंचकुला येथे रुचिका गिरहोत्रा या चौदा वर्षांच्या टेनिस खेळाडूचा विनयभंग झाला. आरोपी राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि मोठा पोलीस अधिकारीही. तो दोषी ठरला 2009 मध्ये, एकोणीस वर्षांनी. तोवर रुचिका हयात नव्हती. पण खटला टिकला, कारण तिची मैत्रीण साक्षीला उभी राहिली आणि त्या मैत्रिणीच्या आई-वडिलांनी इतकी वर्षे पाठपुरावा सोडला नाही. मित्राने काही सांगितले तर हसू नका. त्याला खोदून विचारू नका, त्याच्याबरोबर विश्वासाच्या मोठ्या माणसाकडे जा. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पाठ ठेवा. आणि मुलगा आहे म्हणून असे काही होत नाही, या समजुतीत राहू नका. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलामुलींना सारखाच लागू आहे.

शिक्षक आणि पालकांसाठी याच कायद्याची कलमे 19 आणि 21 महत्त्वाची. असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडपले तर एक वर्षापर्यंत. सद्‌भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. "संस्थेची बदनामी नको, आपसात मिटवू" हा सल्ला देणारा स्वतःच गुन्हेगार ठरू शकतो.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेची तरतूद झाली आहे. ती गल्लीतल्या क्लबपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. सुट्टीत मुलाचे नाव एखाद्या क्लबात घालताना पालकांनी चार गोष्टी आजच विचाराव्यात. प्रशिक्षकाची पूर्वीची चौकशी केली आहे का? सराव पालकांना पाहता येतो का? परगावी मुलाला मोठ्या माणसाबरोबर एका खोलीत एकटे ठेवत नाहीत ना? तक्रार घ्यायला प्रशिक्षकाखेरीज दुसरे कोण आहे? दिव्यांग खेळाडूला कपडे बदलायला मदत लागत असेल, तर ती कोण करणार हे त्याच्या पसंतीने ठरावे आणि आणखी एक जबाबदार व्यक्ती जवळपास असावी.

काही प्रशिक्षकांना हा अविश्वास वाटेल. तो राग मी समजू शकतो. मुलांसाठी आयुष्य झिजवणारी माणसे मी पाहिली आहेत. पण दारूगोळ्याच्या कोठाराची नोंदवही ठेवतात, तेव्हा कोठार सांभाळणारा हवालदार अपमान मानत नाही. नोंद चोख असली की खोट्या आळातून तोच सुटतो. रामघाटावरच्या काकांना घाटावरच्या नजरांची कधी अडचण झाली नाही.

तालमीतल्या त्या मुलाची आणि माझी पुढे गाठ पडली नाही. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. काय करावे हे मला कुणी शिकवले नव्हते. ही सबब तुमच्यापैकी कुणालाही पुढे सांगावी लागू नये, म्हणून हे लिहिले.