सहावीतल्या पोराने चिठ्ठ्या का खेळू नयेत?

मंडळी, स्थानिक किंमत म्हटलं की आपल्याला दुसरी-तिसरी आठवते. काड्यांचे गठ्ठे, एकक, दशक, शतक. तिथे तो विषय संपला असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं, तो तिथे संपत नाही. पाचवी-सहावीत खेळ बंद करणं हा पोरांवर सरळसरळ अन्याय आहे.

खोटं वाटत असेल तर सहावीतल्या मुलांना 'एक हजार पाच' अंकात लिहायला सांगा. कुणीतरी १०००५ लिहितंच. ०.५ मोठे की ०.३५? '०.३५, कारण ३५ मोठे!' यात आळस नाही. तर्क आहे, फक्त स्थानाचा विचार नाही. शिवाय आपली भाषाही गंमत करते. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे दोन आणि नऊ! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझ्या कानावर आलं ते बरंचसं भाषेच्या काळजीने. अडखळणाऱ्या मुलाची काळजी त्यात फारशी नव्हती.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? "अरे, हे दुसरीचं आहे!" झालं. पोरगं गप्प. पुन्हा विचारणार नाही. मग दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, सगळं पाठांतरावर. आणि पुढे आपणच जाहीर करतो, 'याला गणितात गती नाही.'

खेळात इयत्ता कुणी विचारत नाही. म्हणून खेळ हवा.

पण खेळ म्हणजे थर्मोकोलचा तक्ता नव्हे, जो आई रात्री बारापर्यंत चिकटवते. साहेब येणार त्या दिवशी कपाटातून निघणारी पेटीही नव्हे. शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका. प्रत्येकाने कागदावर पाच घरं आखायची. एक चिठ्ठी निघाली की तो अंक लगेच कुठल्यातरी घरात लिहायचा, नंतर हलवायचा नाही. चिठ्ठी परत डब्यात जात नाही. पाच चिठ्ठ्यांनंतर ज्याची संख्या मोठी तो जिंकला. नऊ आला तर प्रश्न नाही, पण पहिलाच सहा आला तर? दहा हजारांच्या घरात टाकायचा की थांबायचं? इथे स्थानाची किंमत खिशाला लागते!

मग डाव उलटा करा, लहान संख्या जिंकेल. शून्य पहिल्या घरात टाकलं तर ती संख्या पाच अंकी राहते का? हे भांडण मुलांनाच सोडवू द्या. शेवटी पहिल्या घरापुढे दशांशचिन्ह द्या आणि गंमत बघा.

आणि क्रिकेट! ४.३ षटकं म्हणजे खरं तर साडेचार षटकं. ४.५ नंतर एक चेंडू पडला की ४.६ न होता थेट पाच का होतात? कारण तिथे गठ्ठा सहाचा, आपल्या संख्यांत दहाचा. गठ्ठ्याची ही कल्पना एकदा पटली की हातचा आपोआप समजतो.

आमच्या घरातल्या शिक्षक मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे: "पोर्शन कधी संपवायचा?" अहो, डावाला दहा मिनिटं लागतात. न कळलेल्या पायावर संपवलेला पोर्शन नेमका कुणाचा संपतो? पुस्तकाचा. मुलाचा नाही.

असो. प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट, हे आर्यभटाने ४९९ सालच्या ग्रंथात सांगितलं. आपण ते अभिमानाने फॉरवर्ड करतो. जरूर करा. पण रविवारी घरातल्या पोरांना बसवून एक डाव खेळा, आणि कोण कुठे अडलं ते मला कळवा. मोठी माणसंही चालतील :-)