टीव्हीचा आवाज वाढवू नका, अंतर कमी करा

संध्याकाळी मालिका सुरू झाली की अनेक घरांत रिमोटवरून कुरबुर सुरू होते. आजोबांना आवाज वाढवून हवा असतो, दहावीतल्या नातवाला कमी. हजारो रुपयांचे श्रवणयंत्र कानात असताना एवढा आवाज कशाला, असा प्रश्न सुनेला पडतो. आजोबांचे उत्तर ठरलेले असते, ‘‘ऐकू येतं गं, पण काय बोलतात ते कळत नाही.’’ घरचे तो हट्ट समजतात. प्रत्यक्षात ती अगदी नेमकी तक्रार असते आणि तिचा इलाज रिमोटमध्ये नाही.

वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. स, श, थ, फ ही व्यंजने ओळखण्याच्या खुणा याच पट्टीत असतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत. त्यामुळे कोणी बोलते आहे हे समजते, पण ‘सात’ म्हणाले की ‘हात’ हे समजत नाही. टीव्ही मोठा केला की पार्श्वसंगीतही तेवढेच वाढते. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला, तरी मोठा आवाज लवकर टोचू लागतो.

श्रवणयंत्र यातले बरेच सावरून घेते. मात्र त्याचा मायक्रोफोन कानाशी असतो आणि टीव्ही दहा फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. घरात त्यात पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि उघड्या भिंती-फरशीवरून परतणारा आवाज मिसळतो. भरीला, पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. श्रवणतज्ज्ञाच्या शांत खोलीत, समोरासमोर बसून चाचणीत उत्तम ठरलेले यंत्र बैठकीच्या खोलीत कमी पडते, ते यामुळे.

म्हणून उपाय शोधायचा तो आवाज कानाजवळ आणण्याचा. बिनखर्चाची सुरुवात म्हणजे खुर्ची टीव्हीच्या चार-पाच फुटांवर आणणे, खिडकी लावणे, पडदे ओढणे आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा पर्याय असल्यास तो निवडणे. पुढची पायरी म्हणजे खुर्चीशेजारी ठेवलेला, तारेने जोडलेला छोटा स्पीकर. सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे टीव्ही स्ट्रीमर. ही छोटी डबी टीव्हीला जोडली की आवाज बिनतारी पद्धतीने थेट श्रवणयंत्रात पोहोचतो. आजोबा आपल्या कानातला आवाज हवा तेवढा ठेवू शकतात आणि खोलीतला टीव्ही इतरांना सोसेल तेवढाच राहतो.

खरेदीआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. स्ट्रीमर सहसा श्रवणयंत्राच्याच कंपनीचा लागतो. काही टीव्हींत हेडफोनच्या खाचेत पिन घातली की टीव्हीचे स्पीकर बंद पडतात, तिथे ऑप्टिकल जोडणी बरी. साध्या ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे राहू शकतो. टीव्ही ऐकताना श्रवणयंत्राचा मायक्रोफोन पुरता बंद होऊ देऊ नये, नाहीतर दारावरची बेल आणि नातवंडांची हाकही ऐकू येणार नाही. यंत्र जुने असले, तरी त्यात टेलिकॉइल आहे का ते पाहावे. असल्यास गळ्यात अडकवायच्या लूपमधूनही काम भागते.

ही माहिती बहुतेक कुटुंबांना यंत्र घेतल्यावर, वर्षभराच्या भांडणानंतर मिळते, हे चुकीचे आहे. ‘टीव्ही कसा पाहता, किती अंतरावरून, सोबत कोण असते?’ हे प्रश्न यंत्र निवडतानाच विचारले गेले पाहिजेत. तज्ज्ञाने विचारले नाहीत, तर मुला-सुनेने विचारावेत.

वाहिन्यांचीही जबाबदारी आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. श्रवणदोष असलेल्यांसाठी टीव्ही कार्यक्रम सुगम करण्याचे निकष केंद्राने २०१९ मध्ये जाहीर केले. तरीही रोजच्या मराठी मालिकेखाली मराठी अक्षरे दिसणे दुर्मीळच. ती आली तर निसटलेला शब्द डोळ्यांना पकडता येईल, आणि तेही कोणतेही उपकरण विकत न घेता.

टीव्ही ही किरकोळ करमणूक वाटते. पण कळत नाही म्हणून आजोबा आधी मालिका सोडतात, मग बैठकीतून उठून आतल्या खोलीत जातात. सगळे हसतात तेव्हा का हसले, हे विचारणेही हळूहळू थांबते. ज्या घराने यंत्रावर एवढा खर्च केला, त्याने पुढची जोडणीही करून द्यावी. निदान आज संध्याकाळी त्यांची खुर्ची तरी पुढे सरकवावी.