जाकिटाचा मागचा खिसा

इंग्लंडमध्ये साउथ शील्ड्स येथे १८९४ साली सुरू झालेल्या बार्बर या पेढीचे मेण चढविलेले सुती जाकीट आता शहरांतही रोज वापरले जाते. त्यातील १९८० चे 'बेडेल' घोडेस्वारीसाठी, तर १९८३ चे 'ब्यूफर्ट' शिकारीसाठी बेतलेले; आत स्वेटर मावावा म्हणून दोन्ही सैल. सडपातळ तरुण मग एक माप लहान घेतो आणि खांद्यात आवळला जातो. त्यापेक्षा मुळातच अंगासरशी बेतलेला प्रकार घ्यावा. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावरच यावी.

जैन घराने मात्र मापाआधी माल तपासावा. अस्तरात 'डाउन' असेल, तर ती बदक-हंसांची मऊ पिसे होत. ऊब पॉलिस्टरच्या भरणानेही मिळते. पट्टी चामड्याची वा बटण शिंगाचे असू शकते. मेण खनिज की मधमाशांचे, हेही विचारावे. लोकरीचा निर्णय घराघराचा.

'ब्यूफर्ट'च्या पाठीचा रुंद खिसा तर मारलेले पक्षी ठेवण्यासाठीच केलेला. शहरात त्यात वर्तमानपत्र मावते.