दुकान हीच अर्धी शाळा

पेढीवर नवा मुलगा ठेवताना जुने व्यापारी त्याला माल ओळखायला शिकवीत, गिऱ्हाईक कसे सांभाळावे हेही सांगत. खरेदीचा भाव आणि वहीतील खाचाखोचा मात्र हातच्या राखून ठेवीत. उद्या हाच मुलगा समोर दुकान थाटील, ही भीती! ती अगदीच निराधार होती, असे नव्हे.

जर्मनीतील व्यापाऱ्यालाही ही भीती आहे. तरीही तेथे व्यवसायशिक्षणाचा मोठा भार व्यापारी आणि कारखानदार स्वतः उचलतात. किरकोळ विक्री शिकू इच्छिणारा तरुण दुकानदाराशी लेखी करार करतो. आठवड्यातून तीन-चार दिवस दुकानात काम, एक-दोन दिवस व्यवसायशाळा. दोन वर्षांत तो विक्रेता होतो. तिसरे वर्ष पुरे केले की किरकोळ व्यापारी म्हणून त्याची पात्रता मानली जाते. या काळातील विद्यावेतन दुकानदारच देतो. अंतिम परीक्षा शाळा घेत नाही. ती उद्योग-व्यापार मंडळ घेते, आणि परीक्षकांत शिक्षकांबरोबर मालक व कामगार यांचेही प्रतिनिधी बसतात. व्यापाराची रीत बदलली की अभ्यासक्रमही बदलतो. 2018 साली ई-कॉमर्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, तो असाच.

शिकविणाऱ्यालाही परीक्षा आहे. 2003 साली ती अट स्थगित झाली होती. अधिक दुकानांनी मुले घ्यावीत हा हेतू. 2009 मध्ये ती पुन्हा लागू झाली. धंदा येणे वेगळे आणि धंदा शिकविता येणे वेगळे, हे ज्याने घरच्या मुलाला गल्ल्यावर बसविले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आणि त्या भीतीचे काय? तेथील 1969 च्या कायद्याने तिला जागाच ठेवलेली नाही. शिक्षण संपल्यावर अमुक ठिकाणी काम करू नये, अशी अट करारात घातली तर ती रद्दबातल ठरते. शिकलेला मुलगा प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ शकतो, जातोही. तरी मालक शिकवितो, कारण दोन-तीन वर्षे डोळ्यांसमोर वावरलेला माणूस त्याला निवडता येतो. अर्थात सगळेच हा भार घेत नाहीत. मुले घेणाऱ्या आस्थापना साधारण पाचांत एक.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. त्यांत निह्नव, म्हणजे ज्ञान लपविणे, आणि मात्सर्य, म्हणजे योग्य पात्रालाही मत्सरापोटी ज्ञान न देणे, ही दोन्ही येतात. तेथील विचार मोक्षमार्गाच्या ज्ञानाचा आहे, खातेवहीचा नव्हे, हे खरेच. पण शास्त्रदानासाठी सढळ हाताने देणारा गृहस्थ दुकानात मुनिमाच्या शेजारी बसलेल्या मुलापासून वही झाकतो, तेव्हा ते शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा 1961 पासून आहे. 2019 च्या नियमांनी तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याची सक्ती केली. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले. समाजातील बहुतेक पेढ्या या दुसऱ्या गटातल्या. तेथे कायदा विचारायला येणार नाही. गल्ल्याशेजारची जागा कोणाला द्यायची, हे शेठजींनीच ठरवायचे आहे.