सवलत आणि साक्ष

जून लागला की हदगाव, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात दोन कामांची घाई एकदम उडते. शेतात सोयाबीन-कापसाची पेरणी आणि घरात लेकराचा शाळाप्रवेश. बियाण्या-खताला पैसा लागतो तेव्हाच गणवेशाला आणि फीलाही लागतो. पाऊस लांबला तर बाप आधी कशावर काट मारतो, हे इथल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. आपली शाळा ख्रिस्ती आहे की नाही, याचा निकाल त्या दिवशी कार्यालयातल्या टेबलाशी लागतो, असे आमचे मत आहे.

ख्रिस्ती शाळा कशी ओळखायची असे विचारले तर बहुतेक संस्थाचालक क्रूस, सकाळची प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम आणि शिस्त यांची नावे घेतात. या गोष्टी आम्हालाही प्रिय आहेत. पण आपल्यात मोठा कोण यावरून शिष्य वाद घालत होते, तेव्हा येशूने एक बालक त्यांच्या मधोमध उभे केले, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. ज्याला त्या काळी कसलाच मान नव्हता असे ते मूल. शुल्क, नेमणुका, शिक्षा, निकाल हे सारे त्या मुलाकडे पाहून ठरत असेल तर शाळा ख्रिस्ती. गुणवत्ता यादीत येणाऱ्या चौघांकडे पाहून ठरत असेल, तर भिंतीवर कितीही वचने रंगवली तरी ती नाही.

राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. तो राखलाच पाहिजे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने काय सांगितले होते? विनाअनुदानित शाळांनीही प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी नको, देणगी नको, मारहाण नको. ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, लागू होत नाही असा निर्णय दिला. पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचा अहवाल आला. ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्ती नाहीत, असे त्यात दिसले. आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत वंचित घटकांतली मुले होती ८.७६ टक्के. आयोगाच्या हेतूबद्दल कुणाला काय वाटायचे ते वाटो, हे दोन आकडे शेजारी मांडून वाचावेत. दार परधर्मीयांना उघडे आहे, गरिबाला मात्र किलकिलेच. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निर्णयाबद्दल शंका नोंदवली आहे. न्यायालय ठरवायचे ते ठरवील. येशूच्या शिष्याने जे आपणहून करायचे, ते न करण्याची मुभा कायद्याने दिली म्हणून आपण ती वापरायची का?

आपल्याआधीच्यांनी ती वापरली नसती. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये छापला अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने. चर्चच्या वहीत जोतीरावांचे किंवा मुक्ताचे नाव चढले नाही. तरी आमच्या लेखी महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती शिक्षणाचे याहून मोठे फळ नाही.

याच परंपरेतला एक कटू प्रसंगही शिक्षकांनी लक्षात ठेवावा. १८४३ मध्ये मुंबईतल्या मिशनशाळेचा विद्यार्थी श्रीपत शेषाद्री, वय सुमारे बारा, मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. त्याचे थोरले भाऊ नारायण शेषाद्री त्याच वर्षी जाणत्या वयात ख्रिस्ती झाले. आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळ, बेथेल हे गाव वसवणारे ते हेच. एकाचा निर्णय स्वतःचा होता, दुसऱ्याची दोन्हीकडून ओढाताण झाली. जे मूल जेवणासाठी, गुणांसाठी, दाखल्यासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याचा होकार मोकळा नसतो. पालकांच्या संमतीवाचून मुलाला उपासनेला बसवू नये असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते, ते आम्हाला अडचणीचे वाटत नाही. श्रीमंत तरुण पाठ फिरवून निघाला तेव्हा येशूने त्याला जाऊ दिले होते.

आणि भाषा. पंडिता रमाबाई अमेरिकेत बालशिक्षणाची फ्रोबेल पद्धत शिकल्या, पण मुलांसाठी पुस्तके लिहिली मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकांनी खिळे जुळवून जे बायबल छापले, ते रमाबाईंनी अडाणी बाईलाही कळावे अशा मराठीत उतरवले होते. आज आपल्याकडे तांड्यावरचे लेकरू घरी गोरमाटी बोलते, बाजारात मराठी ऐकते आणि पहिलीत आपण त्याला थेट इंग्रजीत बसवतो. दोन वर्षे ते वर्गात मुके बसते आणि आपण त्याला ‘मंद’ ठरवतो. इंग्रजी जरूर शिकवावी. पण मुलाची बोली न जाणणारा शिक्षक पहिलीला देणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या बऱ्याच शाळांत रोज घडतो.

म्हणून संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे. या जूनपासून २५ टक्के जागा आपण होऊन गरिबांच्या मुलांसाठी राखा. मुलाखत बंद करा, छडी बंद करा. ऊसतोडीला गेलेल्या घरातले नाव पटावरून काढू नका. लेकरू मागे राहणार असेल तर त्याच्या राहण्याची सोय करा. याचा खर्च कसा भागवायचा, हा खरा प्रश्न आहे आणि तो एकेकट्या शाळेला सुटणारा नाही. ज्या मंडळ्या दरवर्षी इमारतीसाठी वर्गणी काढतात त्यांनी एक वर्ष ती या मुलांसाठी काढावी. ज्या शाळा हे करून पाहतील त्यांनी आपला अनुभव, हिशेब आणि अडचणींसकट, आम्हाला लिहून पाठवावा. तो पुढच्या अंकाच्या पानांवर छापला जाईल.