शेवटची पायरी

‘जपून या हं, शेवटची पायरी जरा उंच आहे.’ आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांमध्ये दारात उभं राहून पाहुण्यांना हे सांगावं लागतं. घरातल्यांच्या पायांना ती पायरी पाठ झालेली असते. पहिल्यांदाच आलेला माणूस मात्र तिथे अडखळतो. दिवे गेलेले असले, कडेवर मूल असलं किंवा डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असला, तर नुसतं अडखळण्यावर भागत नाही. हे वाक्य कानावर पडलं की मला अपराधी वाटतं. वास्तुविशारदाने नकाशा काढला, संरचना अभियंत्याने सळया ठरवल्या, महापालिकेने मंजुरी दिली, ठेकेदाराने जिना बांधला, भोगवटा प्रमाणपत्रही मिळालं. एवढ्या सगळ्यांच्या हातांखालून जिना गेल्यावरही त्यातली चूक तिथल्या रहिवाशांनी तोंडी सांगत राहायची!

नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे निवासी इमारतीतल्या अंतर्गत जिन्याची पायरी नोझिंग सोडून किमान २५० मि.मी. रुंद आणि जास्तीत जास्त १९० मि.मी. उंच असते, शाळा, कार्यालयं, सभागृहं अशा इमारतींसाठी हेच आकडे ३०० आणि १५० होतात. त्यांच्यामागे एक जुनं गणित आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँदेल या वास्तुविशारदाने असं मांडलं की, सपाट जमिनीवर माणसाचं पाऊल २४ फ्रेंच इंच पडतं आणि एक इंच वर चढायला दोन इंच पुढे जाण्याइतके श्रम लागतात. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज २४ इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर यावी. आजही आपण ही बेरीज ६०० मि.मी.च्या आसपास ठेवतो. १९० आणि २५० घेतले तर ६३० येते, १५० आणि ३०० घेतले तर ६००. नकाशावर हे बहुतेक सगळे जण नीट पाळतात. नकाशातला जिना क्वचितच चुकलेला असतो.

चूक होते ती फरशी बसताना. एक साधं उदाहरण घेऊ. मजल्याची उंची २,८८० मि.मी., आठ-आठ पायऱ्यांच्या दोन फ्लाईट, म्हणजे १६ पायऱ्या, प्रत्येकी १८० मि.मी. उंच. रुंदी २५०, बेरीज ६१०, सगळं नियमात. मिस्त्री भिंतीवर १८०च्या सोळा समान खुणा करतो, सेंटरिंग लागतं, काँक्रीट पडतं. तोवर जिना बिनचूक आहे. मग पायऱ्यांवर १८ मि.मी.चा ग्रॅनाईट आणि खाली २२ मि.मी. माल असा ४० मि.मी.चा थर चढतो. मधल्या लँडिंगवरही तितकाच. मजल्यावरच्या लॉबीत मात्र, घरांच्या फरशीशी लेव्हल जुळवायची म्हणून, थर ७० मि.मी.चा होतो. आता मोजा. खालची लॉबी ७०ने वर आली आणि पहिली पायरी ४०ने, म्हणून पहिली पायरी १५० मि.मी. उरली. वरच्या टोकाला पायरी ४०ने उचलली आणि लॉबी ७०ने, म्हणून शेवटची पायरी २१० मि.मी. झाली. मधल्या चौदा पायऱ्या १८०च्याच. एकाही माणसाने निष्काळजीपणा केला नाही, प्रत्येकाने आपापलं काम रीतसर केलं, आणि एकाच मजल्याच्या जिन्यात ६० मि.मी.चा फरक तयार झाला. शेवटची पायरी तर १९०ची मर्यादा ओलांडून सरळ नियमाबाहेर गेली.

उपाय यापेक्षाही सोपा आहे. पक्क्या फरशीच्या लेव्हल आधी ठरवायच्या, भिंतीवर त्याच मारायच्या, आणि काँक्रीटच्या खुणा त्यांवरून उलट काढायच्या. वरच्या उदाहरणात काँक्रीटची पहिली पायरी २१०ची आणि शेवटची १५०ची ओतली की फरशी बसल्यावर सोळाच्या सोळा पायऱ्या १८०च्या होतात. काँक्रीट ओतताना जिना वेडावाकडा दिसतो. नवखा पर्यवेक्षक तो पाहून घाबरतो आणि ‘सारखा’ करून घेतो, हेही मी साइटवर पाहिलं आहे. म्हणून नकाशातच काँक्रीटची लेव्हल आणि फरशीची लेव्हल असे दोन वेगळे आकडे प्रत्येक पायरीसमोर लिहिलेले हवेत. आपल्याकडच्या कार्यकारी नकाशांत जिन्याच्या छेदावर बहुधा एकच आकडा असतो: ‘१६ पायऱ्या × १८०’. मग फरशी कुठे धरायची, हा निर्णय गवंड्याच्या अंगावर पडतो. त्याला तो घ्यायला आपण कधी शिकवलेलं नसतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका निवासी इमारतीच्या साइटवर कनिष्ठ अभियंता होतो. जिन्याचा पहिला मजला ओतून झाल्यावर शेवटच्या पायरीबद्दल मी वरिष्ठांना विचारलं. ‘फरशीत जुळून जाईल’ असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो. फरशीत ते जुळलं नाही. फरशीनेच ते बिघडलं. काही वर्षांनी त्याच इमारतीतल्या एका वयस्कर बाईंच्या खुब्याचं हाड जिन्यात मोडल्याचं कळलं. त्या खाली उतरत होत्या. त्या कोणत्या पायरीवर पडल्या हे मी विचारू शकलो नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही, हे खरं कारण आहे.

पंचवीस-तीस मि.मी.ने एवढं काय होतं, असं आपल्यातलेही काही जण म्हणतात. माणूस जिना कसा चढतो-उतरतो हे एकदा नीट पाहिलं की हा प्रश्न पडत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांकडे आपलं लक्ष असतं. तेवढ्यात पायांना उंची समजते, पुढच्या पायऱ्या ते अंदाजाने टाकतात, आणि डोळे मोबाईलकडे, मुलाकडे किंवा हातातल्या पिशवीकडे वळतात. चढताना बुटाचं टोक पायरीच्या कडेवरून अगदी थोड्या अंतराने जातं. पायरी तेवढी उंच निघाली की ठेच ठरलेली. उतरताना धोका जास्त असतो. सगळं वजन पुढे टाकलेलं, आणि जमीन अपेक्षेपेक्षा खाली तरी लागते किंवा वर तरी. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ३६व्या रस्त्यावरील भुयारी रेल्वे स्थानकाच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती. २०१२ मध्ये कुणीतरी तिथे कॅमेरा लावला. धडधाकट, घाईतले, रोजचे प्रवासी एकामागून एक त्याच पायरीवर अडखळताना त्यात दिसले. ते चित्रीकरण पसरल्यावर प्रशासनाने जिना बंद करून पायरी दुरुस्त केली. अमेरिकेत सर्वत्र आधारासाठी घेतली जाणारी आंतरराष्ट्रीय इमारत संहिता एका फ्लाईटमधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ९.५ मि.मी.पेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आपल्या उदाहरणात दोन्ही फ्लाईटमध्ये हा फरक ३० मि.मी. आहे, म्हणजे त्याच्या तिपटीहून अधिक.

पृष्ठभागाचा प्रश्न मला तितकाच गंभीर वाटतो. काळा, आरशासारखा पॉलिश केलेला ग्रॅनाईट आज प्रत्येक नव्या इमारतीच्या जिन्यात दिसतो. ग्राहकाला तो आवडतो, पुसायला सोपा पडतो. पण पावसाळ्याचे चार महिने ओल्या चपला, ठिबकणाऱ्या छत्र्या आणि रेनकोट त्याच जिन्यावरून वर जातात. काळ्या पायरीला काळीच उभी पट्टी असली की वरून उतरणाऱ्याला कड कुठे संपते ते दिसत नाही. सगळा जिना एकच काळा उतार वाटतो. कडेजवळ दोन-तीन खाचा मारून काही जण समाधान मानतात, आणि त्या खाचा पॉलिश करतानाच गुळगुळीत होतात. फ्लेम किंवा लेदर फिनिशचा दगड, कडेला वेगळ्या रंगाची पट्टी आणि तिच्यावर पडणारा उजेड, याचा खर्च एकूण बांधकामात नगण्य आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, त्यांच्यावर मागचा लोंढा आला, आणि त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत व आगीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. देवस्थानांच्या पायऱ्यांची कामं आपल्यापैकी अनेकांकडे येतात. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून दूर ठेवणं आणि पायऱ्यांवरच्या पाण्याला निचरा देणं, हे त्या कामात दगडाच्या निवडीइतकंच आधी ठरायला हवं.

रुंदीचा विचार करताना मला २९ सप्टेंबर २०१७ आठवतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर पावसात, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. आपली संहिता इमारतींसाठी सांगते की सपाट मार्गावर माणशी ६.५ मि.मी. रुंदी धरली तर जिन्यावर ती १० मि.मी. धरावी, कारण जिन्यावर माणसांचा वेग मंदावतो. म्हणजे एका मजल्यावर ३०० माणसं असतील तर जिन्यांची एकूण रुंदी तीन मीटर हवी. गर्दी पॅसेजमध्ये अडत नाही, पायऱ्यांच्या तोंडाशी अडते. तरीही क्लास, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या मंजूर जिन्यात नंतर चपलांचे स्टँड, कुंड्या आणि जाहिरातीचे फलक येतात. बांधून दिल्यावर ही आपली जबाबदारी उरत नाही असं मानायला मी तयार नाही. चपला कुठे ठेवायच्या याची जागा नकाशात दिली नाही, तर त्या जिन्यातच जाणार.

कठड्याबद्दल थोडक्यात. संहिता हातरेलची उंची पायरीच्या मध्यापासून १,००० मि.मी. सांगते, आणि ती बहुतेक ठिकाणी मिळते. मिळत नाही ती पकड. चौरस, रुंद, चकचकीत नळी दिसायला भारी असते. घसरणाऱ्या माणसाच्या मुठीत ती मावत नाही. सुमारे ४० मि.मी. व्यासाचा गोल दांडा म्हाताऱ्या हातालाही धरता येतो. आणि स्टीलच्या आडव्या नळ्यांचा कठडा आपण आता थांबवला पाहिजे. तीन वर्षांच्या मुलासाठी ती शिडीच असते. उभे गज, त्यांच्यात १०० मि.मी.हून कमी फट, हा साधा उपाय इंग्लंडच्या नियमांत केव्हाचा आहे.

भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी आपण जिन्याची रुंदी मोजतो, पायऱ्या मोजतो, कधी एखाद्या पायरीला टेप लावतो. प्रत्येक पायरीची उंची मात्र कुणी नोंदवत नाही. सात मजली इमारतीत हे काम दोन माणसांना अर्ध्या दिवसाचं आहे. ते करावं, त्याचा तक्ता पूर्णत्वाच्या कागदपत्रांना जोडावा, आणि १० मि.मी.पेक्षा जास्त फरक असलेली पायरी दुरुस्त केल्याशिवाय सही करू नये, असं मी प्रत्येक वाचकाला आग्रहाने सांगतो. नियमाने सक्ती केलेली नाही म्हणून थांबायचं कारण नाही. रहिवाशांना पुढे लॉबीत जुन्या फरशीवर नवी फरशी बसवायची असेल, तेव्हा हाच तक्ता त्यांना सांगेल की त्यामुळे शेवटची पायरी किती वाढणार आहे.

या अंकाच्या मधल्या पानावर तसा कोरा तक्ता छापला आहे. सुरुवात आपापल्या घराच्या किंवा कार्यालयाच्या जिन्यापासून करा. टेप आणि स्पिरिट लेव्हल घ्या, तळापासून एकेक पायरी मोजा, आकडे लिहा, आणि आमच्याकडे पाठवा. इमारतीचं नाव नको, फक्त तालुका, बांधकामाचं साल आणि आकडे. माझ्या इमारतीच्या पहिल्या मजल्याचे आकडे मी काल लिहून ठेवले: तळाची पायरी १५५, मधल्या सगळ्या १७० ते १७४, आणि वरची १९८.