एक मे : दोन नावांची सुट्टी

१ मे रोजी महाविद्यालयात सकाळी ध्वजारोहण होते आणि चहा घेऊन मंडळी घरी परततात. सूचनाफलकावर ‘महाराष्ट्र दिन व कामगार दिन’ असे लिहिलेले असते खरे. पण भाषणात दुसरे नाव क्वचितच उच्चारले जाते.

१८८६ साली याच दिवशी अमेरिकेतील कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी संप पुकारला. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. पुढल्या वर्षी चौघांना फाशी झाली. १८८९च्या पॅरिस परिषदेने ही तारीख जगभरच्या कामगारांची केली. भारतात ती प्रथम पाळली सिंगारवेलू चेट्टियार यांनी, मद्रासला, १९२३ साली. १९६० मध्ये त्याच तारखेला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. याला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा लढा गिरणगावाने अंगावर घेतला होता. हुतात्मा चौकातील मशाल शेतकरी आणि कामगार यांच्याच हाती आहे.

आपण मात्र कामगाराला कवितेच्या तासापुरता ठेवला. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ आज अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचा अध्यापक शिकवतो. तास झाला तर मानधन, सुट्टी आली तर नाही. मे उजाडेपर्यंत त्याची नेमणूकही बहुधा संपलेली असते. ध्वजारोहणाला तो आलाच, तर मागच्या रांगेत उभा राहतो, आणि जूनमध्ये जाहिरात निघेल का, असे हळूच विचारतो.